पॅरासिटामॉल आणि कॅफीन : एकमेकांवर चढलेले स्पेक्ट्रम

प्रश्न : पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ व कॅफीन ६५ मिग्रॅ असलेल्या गोळीचे यूव्ही स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख) पीएलएस पद्धतीने, म्हणजे अनेक तरंगलांबींचे आकडे एकत्र वापरून घटकांचे प्रमाण सांगणाऱ्या गणिती मॉडेलने, सोडवत आहे. एकाच मिश्र स्टॉकमधून (दोन्ही औषधांच्या मूळ दाट द्रावणातून) पातळ केलेल्या दहा द्रावणांवर आर-वर्ग (मॉडेल आकड्यांशी किती जुळते याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९९९ येतो. गोळीत मात्र दोन्ही घटक लेबलवरील प्रमाणाच्या १०६ टक्के निघतात. चूक कुठे आहे?
– एम.फार्म.ची विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे

उत्तर : दोन्हींचा आकडा सारखाच आला, यातच अर्धे उत्तर आहे. एका स्टॉकमधून पातळ करताना पॅरासिटामॉल जितक्या पटीने वाढते, तितक्याच पटीने कॅफीनही. मग दोघांना वेगळे ओळखायचे मॉडेलला कारणच उरत नाही. ते पॅरासिटामॉल मोजते आणि कॅफीनचा आकडा त्यावरून लावून देते. आर-वर्ग उत्तम येणारच, त्यावर भुलू नका. शिवाय पॅरासिटामॉल १० मायक्रोग्रॅम प्रति मिली असताना कॅफीन जेमतेम १.३. २४३ नॅनोमीटरला पहिल्याची शोषकता (द्रावण किती प्रकाश शोषते याचा आकडा) सुमारे ०.६५, तर २७३ ला कॅफीनची त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी, तीही पॅरासिटामॉलच्या उतारावर बसलेली.

स्टॉक वेगवेगळे करा : पॅरासिटामॉल १००, कॅफीन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली. १० मिलीच्या फ्लास्कमध्ये पॅरासिटामॉलचे ०.६, ०.८, १.०, १.२, १.४ मिली आणि कॅफीनचे ०.५, १.०, १.५, २.० व २.५ मिली, प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी. २५ फ्लास्क होतात, दिवस मोडतो, पण दोन्ही औषधांच्या प्रमाणांमधला सहसंबंध शून्यावर येतो. स्कॅनचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. पडताळणीची सात-आठ मिश्रणे निराळी बनवा आणि ती मॉडेलपासून लपवून ठेवा. मॉडेलसाठी २२० ते ३०० नॅनोमीटर पुरे. घटक दोन, म्हणून फॅक्टर (मॉडेल स्पेक्ट्रममधून वेगळे काढते ते मुख्य बदल) दोन, फार तर तीन. सॉफ्टवेअर सहा सुचवत असेल तर ते गोंगाट पाठ करते आहे.

आता वरचे ६ टक्के. स्कॅन ३५० नॅनोमीटरपर्यंत न्या. तिथे दोन्ही औषधे शोषत नाहीत, त्यामुळे गोळीची रेघ शून्यावर हवी. ती वर तरंगत असेल तर स्टार्च-टाल्कचे कण प्रकाश विखुरत आहेत, आणि कमी तरंगलांबीला हे विखुरणे वाढते. २४३ ला ०.६५ वर ०.०४ चढले की ६ टक्के तिथेच गेले. १५ मिनिटे सोनिकेट करून (अल्ट्रासाउंडने हलवून) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, पहिले ५ मिली फेकून द्या. स्पेक्ट्रमचा पहिला डेरिव्हेटिव्ह (रेघेच्या चढ-उताराचा आलेख) सपाट उंची काढतो, तिरका उतार पूर्ण काढत नाही. गाळणे टाळण्यासाठी त्याचा आधार घेऊ नका.