त्याला विचारायचं नाही

प्रिय पोरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बॉक्सिंगच्या हेवीवेट अजिंक्यपदाची लढत, अकरावा राऊंड, मुख्य कोच गप्प, आणि लढत थांबवायला रिंगमध्ये टॉवेल तू टाकलास. आता तो मुलगा तुझा फोन उचलत नाही, कोच तुला चारचौघांत घाबरट म्हणतो, आणि तू मला विचारतोस, 'टाकण्याआधी मी त्याला एकदा विचारायला हवं होतं का?'

नाही. विचारायचं नाही. तू माझ्या कोपऱ्यात बादली आणि स्टूल उचलत होतास तेव्हापासून हेच सांगत आलो आहे, आणि तरी तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न हाच असावा, याचं मला वाईट वाटलं. थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

तू मनिलातल्या अली-फ्रेझर लढतीचा दाखला दिला आहेस. लिहितोस, 'फ्रेझरला पंधराव्या राऊंडसाठी उठू दिलं असतं तर अली स्टुलावरून उठलाच नसता.' हे वाक्य खुर्चीत बसून लढत पाहणाऱ्यांचं आहे, ते तुझ्या तोंडी शोभत नाही. १ ऑक्टोबर १९७५. चौदा राऊंड होऊन गेलेले. तेराव्यात अलीच्या ठोशाने फ्रेझरचा माउथगार्ड उडून प्रेक्षकांत पडला होता. फ्रेझरचा डावा डोळा आधीपासूनच अधू, ते त्याने वर्षानुवर्षं लपवलेलं. उजवा आता सुजून मिटलेला. चौदाव्यात ठोसे येत होते आणि त्याला ते दिसतच नव्हते. त्याचा कोच एडी फच त्याला म्हणाला, बस खाली बेटा, संपलं सगळं, आज तू इथे जे केलंस ते कुणी विसरणार नाही. फ्रेझर म्हणत होता, मला तो हवाय, बॉस.

नीट बघ. फचने विचारलं नाही, सांगितलं. विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं ते आपल्याला माहीत आहे, कारण न विचारताही तेच आलं. पलीकडे अलीही ग्लोव्हज कापून टाका, आता पुरे, म्हणत होता, असं सांगतात. म्हणत असेलही. फचला अलीचा कोपरा सांभाळायचा नव्हता.

तुझी दुसरी शंका खरी आहे, तिला उत्तर देतो. हेवीवेटमध्ये एका ठोशात सगळं फिरतं. १९९० साली टोकियोत डग्लस आठव्या राऊंडमध्ये टायसनच्या अपरकटने आडवा झाला, रेफरीचे दहा मोजून व्हायच्या आत, नऊवर उठला आणि दहाव्यात त्यानेच टायसनला झोपवलं. मग तुझा मुलगा उठून जिंकला नसता कशावरून? अरे, डग्लस उठला तेव्हा त्याचे पाय त्याच्या ताब्यात होते. पुढच्या राऊंडला त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पूर्वीसारखाच सुटत होता. आपण तेवढंच बघायचं असतं. ठोसा खाल्ल्यावर हात परत वर येतो का? घंटा झाल्यावर त्याला आपला कोपरा आपोआप सापडतो का, की रेफरीला वळवून द्यावा लागतो? सुजेवर तू गार लोखंड दाबतोस तेव्हा तो कळवळतो का? कळवळला नाही तर घाबर. साठ सेकंद मिळतात, त्यातली दहा स्टूल ठेवण्या-उचलण्यात जातात. उरलेल्या पन्नासात प्रश्नोत्तरं करत बसायचं नाही. बघायचं.

आणि तू बघितलं होतंस. तूच लिहिलं आहेस की दहाव्यानंतर तो स्टुलावर बसताना अंदाज चुकून अर्धाच टेकला आणि तुझ्याकडे न बघता तुझ्या मागे कुठेतरी बघत होता. अजून काय हवं होतं तुला?

मुख्य कोच तयार नव्हता, हे तुला सलतंय. २०२० च्या फेब्रुवारीत लास व्हेगासला फ्युरीने वाइल्डरला तिसऱ्यात आणि पाचव्यात पाडलं. वाइल्डरच्या कानातून रक्त येत होतं. सातव्यात टॉवेल टाकला तो वाइल्डरचा सहायक कोच मार्क ब्रेलंडने. मुख्य कोच नंतर उघड म्हणाला की आपल्याला ते पटलं नाही. वाइल्डरने ब्रेलंडला काढून टाकलं. पुढच्या वर्षी त्याच फ्युरीपुढे तो पुन्हा उभा राहिला आणि अकराव्यात कोसळला. ब्रेलंडची नोकरी गेली, वाइल्डरला दुसऱ्या दिवसाची सकाळ मिळाली. हा व्यवहार मला मान्य आहे. तुलाही असला पाहिजे, नाहीतर बादली खाली ठेव आणि तिकीट काढून प्रेक्षकांत बस.

उशीर करण्याने काय होतं तेही आठव. १९८० साली अडतिशीतल्या अलीला होम्सने दहाच्या दहा राऊंड हरवलं, तिन्ही जजेसच्या कागदावर. तेव्हा कुठे अलीचा कोच अँजेलो डंडीने लढत थांबवली. कोपऱ्यातलाच एक माणूस डंडीचा स्वेटर धरून आणखी एक राऊंड मागत होता. मुख्य सेकंड, म्हणजे कोपऱ्याचा प्रमुख, मी आहे, मी थांबवतोय, असं डंडीला ओरडून सांगावं लागलं. डंडीला मी फार मानतो, पण दहा राऊंड फार झाले.

आता माझं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं होतं. एकदाच. अजिंक्यपदाचीच लढत, शेवटून दुसरा राऊंड, माझा मुलगा गुणांत मागे. मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणालो, 'जमेल ना?' त्याने मान हलवली. मी तिला होकार समजलो. आज वाटतं, ती मान फक्त डुगडुगत होती. आज तो पन्नाशीचा आहे. शर्टाची गुंडी लावायला त्याला दोन्ही हात लागतात आणि तरी पहिली निसटतेच. भेटायला येतो तेव्हा जाताना वरची गुंडी मी लावून देतो. एकदा मी माफी मागितली, तर अडखळत म्हणाला, 'सर, तुम्ही विचारलं होतंत ना. मीच हो म्हणालो.'

कळलं? मी प्रश्न विचारला आणि दोष त्याच्या पदरात पडला. तो आयुष्यभर तोच सांभाळतोय. म्हणून विचारायचं नाही. डॅनियल डुबॉइसच्या डोळ्याभोवतीचं हाड २०२० साली जॉइसशी लढताना मोडलं, दहाव्यात तो स्वतःहून गुडघ्यावर बसला, आणि लोक त्याला पळपुटा म्हणाले. त्याला ते स्वतः ठरवावं लागलं, हीच माझी तक्रार आहे. ते ओझं कोपऱ्याचं होतं. चार वर्षांनी वेम्ब्लीत त्याने जोशुआला पाचव्यात झोपवून किताब राखला, तेव्हा मी घरात एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या.

त्या गुंडीनंतर मी अकरा लढती थांबवल्या. एकीत चाळीस सेकंद उरले होते आणि माझा मुलगा गुणांत पुढे होता. तो मला सोडून गेला, बाप भर रिंगमध्ये माझ्या अंगावर धावून आला. आजही लोक म्हणतात, म्हाताऱ्याने किताब घालवला. चाळीस सेकंदांत हेवीवेटचे किती ठोसे बसतात, ते त्यांनी मला सांगावं. मी बरोबर होतो. त्या रात्री होतो, आजही आहे, आणि तो पोरगा कधीच येऊन तसं म्हणाला नाही तरी आहे.

तुझा मुलगा म्हणतोय ना, 'मी उठलो असतो, यांनी थांबवलं'? म्हणू दे. ते वाक्य तू त्याला दिलं आहेस, ते परत मागू नकोस. माफी मागायला त्याच्या दारात तर मुळीच जाऊ नकोस.

एक मात्र लगेच कर. त्याच्या डोक्याचा स्कॅन झाला का, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. डोकं दुखतंय का, उलटी झाली का, दिवसा झोपून राहतो का? तो तुझ्याशी बोलणार नाही आणि खरंही सांगणार नाही. त्याच्या आईला विचार. आज रात्रीच विचार, आणि कितीही वाजले असले तरी मला फोन कर.

तुझा,
सर