37 किलोवॅटचा जुना एअर कॉम्प्रेसर काढून व्हीएफडीवाला (हवेच्या मागणीप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा) घेतला तर वीजबिल कमी होईल का?

तीन पाळ्या, 7 बार दाब, आणि डीलर म्हणतोय तीस टक्के वाचतील. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. नव्या मशीनचं नंतर बघू, आधी सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जा.

भोसरीत मी अकरा वर्षं मेंटेनन्सला होतो. आमचाही 37 चाच स्क्रू कॉम्प्रेसर. लाइनच्या टोकाच्या प्रेसला हवा कमी पडते, ही रोजची तक्रार. साहेबांनी दाबाचं सेटिंग 6 बारवरून साडेसातला नेलं. मी म्हटलं, साहेब, एक बार चढवला की सहा-सात टक्के वीज जास्त जाते, आणि गळतीही वाढते. उत्तर मिळालं, "हवाच आहे ती, तिला काय पैसे पडतात?" हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतली दहा-वीस टक्केच कामाला येते, बाकीची उष्णता होऊन जाते. कारखान्यात हवेइतकं महाग काही नसतं.

महिन्याभरात दुसऱ्या कॉम्प्रेसरची फाइल निघाली. तेव्हा एका गुरुवारी (आमची सुट्टी गुरुवारची) मी हेल्परला घेऊन गेलो. मशीन सगळी बंद, लाइनचे व्हॉल्व्ह उघडे, फक्त कॉम्प्रेसर चालू. शेडमध्ये शिरताच चहूकडून फुसफुस. चालू पाळीत ती कधीच ऐकू येत नाही. घड्याळ घेऊन बसलो. 70 सेकंद लोड (हवा भरतोय), 130 सेकंद अनलोड (नुसता फिरतोय). दहा वेळा मोजलं. 70 भागिले 200 (एकूण सेकंद), म्हणजे 35 टक्के हवा नुसत्या गळतीत. एकही नग निघत नसताना!

मग बादलीत शाम्पूचं पाणी केलं, ब्रश घेतला आणि खडूने खुणा करत सुटलो. संध्याकाळपर्यंत 43 जागा सापडल्या. क्विक कपलिंग, तिरकी कापलेली पीयू ट्यूब (हवेची प्लास्टिक नळी), एफआरएलचे (मशीनआधीचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) बाऊल, रिसीव्हरखालचा (हवेच्या टाकीखालचा) उघडाच अडकलेला ऑटो ड्रेन, म्हणजे पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह. भंगारात गेलेल्या एका मशीनची लाइनसुद्धा चालूच होती. 3 मिमीचं एक भोक 7 बारला साडेतीन-चार किलोवॅट खातं, वर्षाचा हिशेब तुमच्या युनिटच्या दराने करून बघा. आणि त्या प्रेसचं काय? तिच्या वाटेवरचा लाइन फिल्टर चोंदलेला, पुढे पाइप अर्धा इंची. कॉम्प्रेसर कमी पडतच नव्हता, हवा वाटेत अडत होती.

पुढचे दोन गुरुवार आणि वीस हजारांच्या आतला खर्च. गळती 12 टक्क्यांवर आली, सेटिंग परत 6 वर. तरीही दुसरा कॉम्प्रेसर आला. बिल उतरलं तेव्हा मीटिंगमध्ये श्रेय त्यालाच मिळालं. पहिले चार महिने तो सुरूच केलेला नव्हता, लॉगबुक माझ्या हातचं आहे.

म्हणून विचारतो, डीलरने तुमच्याकडे आठवडाभर लॉगर (वीज-हवेची नोंद ठेवणारं यंत्र) लावला का? न मोजता तीस टक्के सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. गळती काढल्यावर तुम्हाला कदाचित 30 किलोवॅटचाच पुरेल, आणि ते मशीन विकत घेतल्यावर कळून उपयोग नाही.

व्हीएफडी वाईट नाही, हेही सांगतो. अनलोडला स्क्रू पूर्ण लोडच्या पाव ते चाळीस टक्के वीज घेतच राहतो. त्यामुळे हवेची मागणी खूप वरखाली होत असेल तर व्हीएफडी खरंच पैसे वाचवतो. दिवसभर फुल लोडच असेल तर मात्र व्हीएफडीत स्वतःत वाया जाणाऱ्या विजेचा तोटा वर बसतो. प्रेशर एकदम उतरवू नका. 0.2 बारने खाली या आणि दर वेळी मशीनवरचा हवेचा क्लॅम्प जॉब नीट धरतोय का बघा. कपलिंग बदलण्याआधी लाइन रिकामी करा, साबणाचं पाणी विजेच्या पॅनेलजवळ नेऊ नका.

लोड-अनलोडचे सेकंद मोजलेत की इथेच लिहा, मग साइजचं बोलू.