यहुदी, ज्यू, हिब्रू की इस्रायल? आणि शनवार तेल्यांचं काय?

प्रश्न असा आहे. एक जण इंग्रजी इतिहासलेखाचा मराठी अनुवाद करतायत आणि त्यांना कळत नाहीये की यहुदी, ज्यू, हिब्रू आणि इस्रायली हे चार शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, त्यातला 'शुद्ध मराठी' कोणता, आणि अलिबागकडचे जे 'शनवार तेली' म्हणतात ते हेच लोक का. शिवाय जाता जाता विचारलंय की यहुदी हा धर्म आहे की जात. खरी मेख या शेवटच्या प्रश्नातच आहे, म्हणून जरा लांबून येतो.

थोडक्यात सांगायचं तर चारही शब्द एकाच लोकांभोवती फिरतात पण प्रत्येकाचं वय वेगळं आहे, आणि ज्या काळाबद्दल लिहिताय त्या काळाचा शब्द घ्यायचा.

आता यहुदी. हा मराठीत अरबी-फारसीतून आला, तिकडे 'यहूदी', आणि मूळ हिब्रूत 'येहुदी'. येहुदी म्हणजे येहुदाचा. हा येहुदा, मराठी बायबलातला यहूदा, याकोबाच्या बारा मुलांपैकी चौथा, लेआच्या पोटचा. उत्पत्तीच्या पुस्तकात हा मुलगा झाल्यावर लेआ म्हणते की यावेळी मी देवाचं स्तवन करीन, आणि 'स्तवन करीन, आभार मानीन' या क्रियापदावरून मुलाचं नाव येहुदा ठेवते. आज तेल अवीवच्या दुकानात लोक एकमेकांना 'तोदा' म्हणतात ना, थँक्यू या अर्थी, तो शब्द त्याच धातूचा. गंमत म्हणजे 'स्तुती करा' याला हिब्रूत 'होदू' म्हणतात आणि भारतालाही 'होदू'च म्हणतात, आजच्या हिब्रूत लिहायलासुद्धा अगदी सारखं, पण या दोघांचं नातं काही नाही, भारतवाला होदू आपल्या सिंधू-हिंदूवरून गेलाय. (बायबलात भारताचं नाव येतं ते एस्तेरच्या पुस्तकात पहिल्याच वाक्यात, इराणी राजाचं राज्य होदूपासून कूशपर्यंत होतं म्हणून.)

तर सुरुवातीला यहुदी हे फक्त एका टोळीचं नाव. याकोबाच्या मुलांवरून बारा टोळ्या मोजतात, त्यातली यहुदाची एक, दावीद राजा त्या टोळीचा. दावीदाचा मुलगा शलमोन, त्याच्यानंतर राज्य फुटलं, उत्तरेचं ते 'इस्राएल' आणि दक्षिणेचं, यरुशलेम राजधानी असलेलं, ते 'यहुदा'. म्हणजे त्या काळात इस्राएली आणि यहुदी ही दोन शेजारी राज्यांतल्या लोकांची नावं होती, आणि ती राज्यं अधूनमधून एकमेकांशी लढायचीसुद्धा. अनुवादात इ.स.पू. 800 च्या आसपासच्या शोमरोनच्या, म्हणजे उत्तरेच्या राजधानीतल्या, राजाला कुणी 'ज्यू राजा' म्हटलं तर ते चुकीचंच.

मग इ.स.पू. 722 च्या सुमारास असिरियाने उत्तरेचं राज्य संपवलं, तिथले लोक पांगले, हरवलेल्या दहा टोळ्या म्हणतात त्या याच. दक्षिणेचं यहुदा टिकलं पण इ.स.पू. 586 मध्ये बाबिलोनने तेही घेतलं, शलमोनाचं मंदिर जाळलं, राजघराण्यातल्या लोकांना, कारागिरांना बाबिलोनला नेलं. आणि इथेच शब्दाचा अर्थ बदलायला लागला. मुलूख गेला, राजा गेला, मंदिर गेलं, पण 'यहुदाकडचे' हे नाव मात्र त्या लोकांबरोबर गेलं. पुढे इराणच्या कोरेश राजाने त्यांना इ.स.पू. 538 च्या सुमारास परत जाऊ दिलं, दुसरं मंदिर उभं राहिलं, त्या प्रांताला इराणी कारभारात 'येहुद' म्हणायचे, तिथल्या छोट्या चांदीच्या नाण्यांवर ती तीन अक्षरं आहेत.

हा बदल पुरा झालेला बघायचा तर परत एस्तेरच्या पुस्तकाकडेच जावं लागतं. त्यात मर्दखय नावाचा माणूस आहे, इराणात शूशनला राहतो, आणि त्याची ओळख करून देताना एकाच वाक्यात म्हटलंय की तो यहुदी माणूस होता आणि बन्यामीनच्या टोळीचा होता. म्हणजे टोळी बन्यामीन, तरीही यहुदी! जुन्या अर्थाने हे शक्यच नाही. त्याच पुस्तकात पुढे असंही येतं की देशातले बरेच दुसरे लोक 'यहुदी बनले'. जे नाव जन्मानेच मिळत होतं ते आता 'बनता' येण्यासारखं झालं. शब्दाने कूस बदललेली इतकी स्पष्ट क्वचित सापडते.

इंग्रजीतला 'ज्यू' हाही हाच शब्द आहे बरं का, नुसता युरोप फिरून आलेला. ग्रीकमध्ये युदायोस, लॅटिनमध्ये युदेउस, मग जुन्या फ्रेंच तोंडात मधला 'द' गळला आणि सुरुवातीच्या 'य'चा 'ज' झाला, ते इंग्रजीने उचललं. त्यामुळे यहुदी शुद्ध आणि ज्यू अशुद्ध असं काही म्हणता येत नाही, एक अरबी-फारसी वाटेने मराठीत आला आणि एक इंग्रजी वाटेने. मला स्वतःला यहुदी बरा वाटतो कारण त्याला मराठी विभक्ती नीट लागते, यहुद्यांचा, यहुद्यांनी. 'ज्यूंचा' म्हणताना अडखळायला होतं. पण ही आवड झाली, नियम नव्हे.

हिब्रू, मराठी बायबलात इब्री. अब्राहामाला उत्पत्तीच्या पुस्तकात 'इब्री' म्हटलंय. हा धातू 'ओलांडणे, पार करणे' या अर्थाचा मानतात, म्हणजे नदीपलीकडून आलेला, आमच्याकडे 'घाटावरचा' म्हणतात तसं. दुसरं मत असं की एबर नावाच्या पूर्वजावरून. बायबलात हा शब्द बहुतेक वेळा परक्यांच्या तोंडी किंवा परक्यांशी बोलताना येतो, मिसरी (इजिप्तचे) लोक त्यांना इब्री म्हणतात, योना जहाजावरच्या खलाशांना 'मी इब्री आहे' सांगतो. आज मराठीत हिब्रू म्हणजे फक्त भाषा, माणसाला हिब्रू म्हणू नये. पण दुसऱ्या भाषांत हे उलटंही आहे, रशियनमध्ये 'येव्रेय' हा इब्रीवरून आलेला शब्द सभ्य आणि 'झिद' ही शिवी, आणि शेजारच्या पोलिशमध्ये तोच 'झिद' साधा रोजचा शब्द! एका भाषेत चालतं म्हणून दुसरीत चालेल असं नाही.

इस्रायल हे याकोबाचंच दुसरं नाव, रात्रभर झुंज दिल्यावर मिळालेलं, 'देवाशी झगडणारा' असा अर्थ तिथेच दिलाय. लोकांचं नाव म्हणून हे फार जुनं आहे, मिसरच्या मेर्नेप्ता राजाच्या इ.स.पू. 1208 च्या सुमाराच्या शिलालेखात ते येतं, बायबलच्या बाहेरचा हा सगळ्यात जुना उल्लेख मानतात. प्रार्थनेत हे लोक स्वतःला आजही इस्रायलच म्हणवतात, 'शेमा इस्रायल', ऐक इस्राएला. 1948 नंतर मात्र 'इस्रायली' म्हणजे त्या देशाचा नागरिक, आणि त्यातले साधारण पाचवा हिस्सा अरब आहेत, त्यामुळे बातमीत इस्रायली आणि यहुदी एकमेकांच्या जागी वापरणं चूक. प्राचीन काळासाठी 'इस्राएली' किंवा 'इस्राएल लोक' लिहिलं की गोंधळ टळतो.

आता आपल्या कोकणातले. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात, म्हणजे इस्रायलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. किनाऱ्यावरच्या गावांत तेल गाळायचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी नाव ठेवलं शनवार तेली. सोमवारी बंद ठेवणारे ते सोमवार तेली. म्हणजे हे त्यांना शेजाऱ्यांनी दिलेलं नाव, तुमच्या लेखात समाजाचं नाव म्हणून वापरू नका, जुनं नाव म्हणून सांगा. घाण्याचीच गोष्ट निघाली म्हणून, शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, त्याच्या आज्ञेत बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात बैलाचं नाव घेऊन म्हटलंय की त्यानेही त्या दिवशी काम करू नये, तेव्हा तेल्याच्या घरी ती आज्ञा अगदी शब्दशः पाळली जात होती! शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर संपतो, हेही अनुवादात सांभाळा, 'शनिवारी' एवढंच लिहिलं तर अर्धंच होतं.

यहुदी न म्हणता बेने इस्रायलच का, याचं एक कारण असं सांगतात की मुसलमानी अंमलात यहुदी शब्दाला थोडा वाईट वास होता आणि 'बनी इस्राईल' हे कुराणात आलेलं नाव त्यामानाने सोयीचं. त्यांची मराठी मला फार आवडते. आडनावं गावावरून, पेणकर, दिवेकर, रोहेकर, केहिमकर. जुनी नावं सामाजी, हसाजी अशी, म्हणजे शमुवेल आणि यहेज्केलच की. मुंबईचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं आणि त्याला समाजात म्हणायचे जुनी मशीद. तिकडे पुण्यात डेव्हिड ससूनने 1860 च्या दशकात बांधलेलं सिनेगॉग पुणेकरांना 'लाल देऊळ'. एकाच प्रकारची वास्तू, मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ! मराठी बायबलात याला सभास्थान म्हटलंय आणि तेच मुळाशी सगळ्यात इमानी, कारण ग्रीक शब्दाचा अर्थ जमणं आणि हिब्रू 'बेत क्नेसेत' म्हणजे जमायचं घर. तिथे मूर्ती नाही, यज्ञवेदी नाही. यज्ञ फक्त यरुशलेमच्या मंदिरात व्हायचे आणि ते रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडल्यावर यज्ञच संपले, उरलं ते दहा जणांनी जमणं, तोराची, म्हणजे धर्मशास्त्राची, गुंडाळी उघडणं आणि वाचणं. म्हणून सिनेगॉगला 'ज्यू मंदिर' लिहू नका, मंदिराची जागा एकच होती, यरुशलेमची.

तिथली दोन्ही मंदिरं, शलमोनाचं आणि नंतरचं दुसरं, पडली त्याचा शोक हिब्रू पंचांगातल्या अव महिन्याच्या नवमीला उपास करून पाळतात, बेने इस्रायल त्याला 'बिरड्याचा रोजा' म्हणत. बिरडं म्हणजे आपलं वालाचंच. शब्द बघा, बिरडं मराठी, रोजा फारसी आणि दुःख बाबिलोनचं आणि रोमचं. योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हा त्यांचा 'दारफळणीचा सण', दारं लावून घरात बसायचं, आणि दुसऱ्या दिवशीचा तो 'शिळा सण'. पुरीम, म्हणजे एस्तेर-मर्दखयचाच सण, तो 'होळीचा सण', कारण अदार महिन्याची 14 तारीख साधारण होळीच्याच पौर्णिमेला टेकते.

राहिला धर्म की जात. जुन्या हिब्रूत 'धर्म' याला स्वतंत्र शब्दच नाही. आज जो वापरतात तो 'दात', तोही इराणीतून घेतलेला, जुना अर्थ राजाचा कायदा, आणि तो आपल्या संस्कृत 'धा' धातूचाच भाऊ, ज्यावरून विधी आणि विधान आले. एस्तेरच्या पुस्तकात तो कायदा याच अर्थाने येतो. तेव्हा ज्यांच्या भाषेत हे दोन कप्पेच वेगळे नव्हते त्यांना 'कुठल्या कप्प्यात बसता' विचारलं तर उत्तर नीट येणार नाही. रूथ नावाची मवाबी बाई सासूला म्हणते, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. आधी लोक, मग देव. आणि ही परकी बाई दावीद राजाची पणजी. आजही परंपरेचा नियम असा की आई यहुदी असेल तर मूल यहुदी, किंवा मग रीतसर दीक्षा घेतलेला. या 'आई कोण होती' प्रश्नावरून बेने इस्रायलना इस्रायलमध्ये गेल्यावर लग्नाच्या वेळी त्रास झाला, आंदोलनं झाली, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचं जाहीर केलं.

अनुवादासाठी माझा हिशोब: बाबिलोनच्या आधी इस्राएली आणि दक्षिणेच्या राज्यापुरतं यहुदी, नंतर सगळीकडे यहुदी, भाषेला हिब्रू, आजच्या नागरिकाला इस्रायली, आणि आपल्याकडच्यांना बेने इस्रायल. ज्यू लिहायचं तर लेखभर ज्यूच ठेवा, मध्येच बदलू नका. यहुदी की यहूदी, तर बायबलात दीर्घ छापतात, बाकी लिखाणात ऱ्हस्व जास्त दिसतो, कुठलाही एक धरा. आणि पासओव्हर या सणाला 'पासओव्हर' लिहू नका हो, मराठीत त्याला वल्हांडण असा छान शब्द पडून आहे, ओलांडणे-वलांडणे यांच्याच घरातला, मिसरात देव घरं ओलांडून गेला म्हणून.