हाक मारल्यावर कुत्रा येत नाही. ई-कॉलर वापरावी का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा लॅब (लॅब्रॅडोर कुत्रा) दीड वर्षाचा आहे, घरात सगळं ऐकतो, पण टेकडीवर सोडला की हाकेला ओ देत नाही. ट्रेनर म्हणतो ई-कॉलर, म्हणजे रिमोटने शॉक देणारा गळ्यातला पट्टा, घ्या, मिसेस म्हणतात हा क्रूरपणा आहे, आणि तुम्ही मध्ये अडकलाय.

आधी उत्तर देऊन टाकतो: तुमच्या लॅबला नको. मी स्वतः वापरली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा कुत्रा हरण्या कारवानी जातीचा आहे. फलटणच्या बाजूला आमची शेती आहे. कारवानी वास हुंगत बसत नाही. लांबवर काही पळताना दिसलं की सुटतो, आणि एकदा सुटला की कान बंद. पूर्वी आमच्या भागात सशांच्या मागे सोडायला हीच कुत्री पाळायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आता ते बेकायदा आहे, पण हे हरण्याला कोण सांगणार? दोन वर्षांचा असताना तो धनगराच्या मेंढरांत घुसला. एक कोकरू लंगडं झालं, मी मान खाली घालून पैसे मोजले, आणि त्याच आठवड्यात पुण्यातल्या एका ट्रेनरच्या सल्ल्याने कॉलर मागवली.

आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहिली. रिमोटवर शंभरपर्यंत आकडे होते. दहावर मुंगी चालल्यासारखं वाटलं. चाळीसवर हात आपोआप झटकला गेला आणि तोंडातून शिवी गेली, आई ओट्यापाशी होती तरी.

ट्रेनरची पद्धत अशी: कुत्रा लांब दोरीवर, आकडा अगदी कमी. हाक मारायची, बटण दाबून धरायचं, कुत्रा आपल्याकडे वळला की सोडून द्यायचं. म्हणजे टोचणं थांबतं हेच त्याचं बक्षीस. खोटं कशाला सांगू, दहा दिवसांत हरण्या हाकेसरशी वळायला लागला. मी गावभर सांगत फिरलो.

तिसऱ्या आठवड्यात ज्वारी निघालेल्या रानात मी त्याला मोकळा सोडला. बांधापलीकडे मेंढरं होती, मला उशिरा दिसली. हाक मारली, तो वळला नाही. मी घाबरून आकडा साठवर नेला आणि बटण दाबलं. हरण्या हवेत उडाला, केकाटला आणि माझ्याकडे न येता सरळ घरी पळाला. मला वाटलं, चला, मेंढरांचा नाद सुटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजाऱ्यांचे बैल घुंगुरमाळा वाजवत रस्त्याने आले. हरण्या बाजेखाली शिरला आणि तिथेच मुतला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला: मी बटण दाबलं त्या क्षणी कळपातल्या पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा वाजत होती. शॉक मी मेंढरांसाठी दिला होता, त्याने तो घंटेच्या नावावर मांडला. घंटा नसलेली मेंढरं त्याला अजूनही तितकीच आवडत होती! त्या वर्षीच्या बेंदराला बैलांची मिरवणूक निघाली, तेव्हा त्याला मागच्या खोलीत कोंडून रेडिओ मोठ्याने लावून ठेवावा लागला. पुढचे चार-पाच महिने रोज हळूच घंटा वाजव, लगेच कलेजीचा तुकडा दे, असं करत ते भूत उतरवलं.

कॉलरचा आणखी एक त्रास कुणी सांगत नाही. दोन बोथट खिळ्यांसारखी टोकं कातडीला टेकलेली असावी लागतात, नाहीतर शॉक लागतच नाही. मी आळसाने दिवसभर घालून ठेवायचो. कारवानीचे केस आखूड, कातडी पातळ. गळ्यावर दोन लाल जखमा झाल्या. तो विजेचा चटका असेल असं मला वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे सतत दाबून राहिल्याने झालंय.

नंतर मी वाचायला लागलो. (अक्कल नेहमी पैसे गेल्यावरच येते.) जर्मनीत हॅनोव्हरला बीगल कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाच कुत्री, पण मांडणी फार बोलकी आहे. काहींना खोट्या शिकारीला तोंड लावल्याच्या नेमक्या क्षणी शॉक, काहींना शिकवलेली हाक न ऐकल्याबद्दल शॉक, काहींना कधीही, कसाही. पहिल्या गटात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, फारसं वाढलं नाही. बाकी दोन्ही गटांत चांगलंच वाढलं. आता बघा, तुमचा ट्रेनर जे सुचवतोय ते दुसऱ्या गटातलं आहे. ‘शिकारीला तोंड लावलं की चटका’ हे कुत्र्याला कळतं. ‘अमुक आवाज आला आणि मी तमुक केलं नाही, म्हणून चटका’ हा हिशोब त्याला प्रत्येक वेळी जुळवावा लागतो, तोही टेकडीवर, मोर समोर असताना.

वादाच्या दोन्ही बाजू आपापला अभ्यास पुढे करतात. विरोधकांकडे इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठाचा, २०१४ चा. त्रेसष्ट पाळीव कुत्री, बहुतेकांची तक्रार तुमचीच: बोलावल्यावर येत नाहीत. कॉलर वापरणारे ट्रेनर कॉलर बनवणाऱ्यांच्या संघटनेनेच सुचवले होते, म्हणजे अडाण्यांच्या हाती दिली असं म्हणायला जागा नाही. तरी कॉलरचा वेगळा फायदा दिसला नाही आणि कुत्री जास्त ताणलेली दिसली. त्याच कुत्र्यांची माहिती २०२० मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा बक्षिसावर शिकवलेली कुत्री जास्त चटकन ऐकत होती. कॉलरवाल्यांकडे अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा, २०२४ चा. यंत्राने पळवलेल्या आमिषामागे धावणारी एकोणीस कुत्री. कॉलरच्या गटातली सगळी दोन सत्रांत थांबली, खाऊ देऊन शिकवलेल्या दोन गटांतलं एकही पाच सत्रांत थांबलं नाही. शॉक बसल्यावर काही केकाटलीही, तेही नोंदलेलं आहे. खाऊवाल्यांना इतकी कमी सत्रं देणं न्यायाचं आहे का, यावरून भांडण झालं. मला तो अभ्यास सरळ खोडून काढावासा वाटत नाही. पाठलाग तोडायला शॉक लागू पडतो, हे मी त्या रानात पाहिलंय. पण तो प्रयोग पाठलाग थांबवण्याचा आहे, हाकेला परत येण्याचा नाही, आणि तुमचं दुखणं दुसरं आहे.

कायद्याचं थोडक्यात. वेल्समध्ये, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, तिथे २०१० पासून कुत्र्या-मांजरांवर या कॉलरला बंदी आहे. जर्मनीत २००६ ला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निषिद्ध ठरवली. इंग्लंडमध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून बंदी येणार होती. तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, मंजुरी दिली, पण खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, ती पार पडलीच नाही. उलट न्यूझीलंडमध्ये शिकारी कुत्र्यांनी किवी पक्ष्याला तोंड लावू नये म्हणून याच कॉलरने शिकवतात. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात विनाकारण वेदना देणं गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये.

आता तुमच्या कुत्र्याचं. लॅब आहे, म्हणजे पोटाचा मालक कोण हे त्याला पक्कं ठाऊक. माझ्या कारवानीपुढे तुमचं काम दहापट सोपं आहे. मला वाटतं, तो टेकडीवर येत नाही याचं कारण तुम्ही हाक मारता तीच मुळी घरी जायच्या वेळी. त्याने ताडलंय, हाक म्हणजे खेळ संपला. एका फेरीत दहा वेळा बोलवा, नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा सोडा. ‘ये’ हा शब्द शंभरदा ओरडून झिजला असेल तर तो सोडा, शिट्टी घ्या. आधी घरात शिट्टी-कलेजी, मग अंगणात, मग रिकाम्या मैदानात, टेकडी सगळ्यात शेवटी. एकदाच वाजवा. आला नाही तर त्याच्यामागे धावू नका, उलट्या दिशेने पळा. लोक हसतील, हसू देत. आणि अर्ध्या तासाने आला तरी रागावायचं नाही. मला हे सगळ्यात जड गेलं.

तोवर मोकळा सोडू नका. टेकडीवर मोर, ससे, इतर लोकांची कुत्री, सगळंच असतं. आम्ही हरण्याला वर्षभर कासऱ्यावर फिरवला. बैलाचा साधा कासरा, दोन जोडून दहा मीटर केला, आणि छातीच्या हार्नेसला बांधला. गळ्यात बांधू नका, धावत सुटलेल्या कुत्र्याला दोरी संपल्यावर बसणारा हिसका वाईट असतो. दोरी जमिनीवर ओढत जाऊ द्या, न आल्यास नुसता पाय ठेवा.

कासरा सुतीच घ्या. मी आधी नायलॉनचा घेतला होता, ससा उठला तेव्हा हातातून सर्रकन गेला. दोन्ही तळव्यांचं सालटं निघालं आणि आठवडाभर आईच्या हातून जेवलो.