दरड उन्हात सरकते का?

रत्नागिरी,
मृगाचा दुसरा आठवडा

प्रिय मुली,

तुझं डिझाइन दोनदा वाचलं. घाटातल्या दरडीवर लक्ष ठेवायला फायबर ब्रॅग ग्रेटिंग वापरायची कल्पना चांगली आहे, म्हणजे काचेच्या तंतूत कोरलेली अशी खूण की जी एकाच तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवते आणि तंतू ताणला की ती तरंगलांबी सरकते. तिथे वीज न्यावी लागत नाही आणि विजा कडाडल्या तरी काचेला त्याचं काही नाही. पण तापमानाचा रकाना तू कोरा सोडलास. तोच मीही एकदा सोडला होता.

संरक्षक भिंतीवरच्या लोखंडी पट्टीला ग्रेटिंग चिकटवली होती. वैशाखात रोज दुपारी आकडे चढायचे. डोंगर हलतोय, असा अहवाल मी लिहूनही टाकला. तिथला एक म्हातारा गँगमन म्हणाला, "साहेब, दरड दुपारी खाली येते नि रात्री परत वर चढते काय?"

मान खाली घालून हिशोब केला. १५५० नॅनोमीटरला नुसत्या फायबरची तरंगलांबी १ अंशाला साधारण १० पिकोमीटर सरकते, १ मायक्रोस्ट्रेनला (म्हणजे लांबी दहा लाखांत एक भागाने वाढली की) १.२ पिकोमीटर. म्हणजे १ अंश तापलं की ८ मायक्रोस्ट्रेन ताण आल्यासारखं दिसतं. त्यात लोखंड स्वतः अंशाला सुमारे १२ मायक्रोस्ट्रेन फुगतं, ते वेगळंच. पट्टी १५ अंशांनी तापली की ३०० मायक्रोस्ट्रेनची 'दरड' आयती तयार! म्हणून शेजारीच एक ग्रेटिंग नळीत मोकळी सोड, तिला कशाचाही ताण लागता कामा नये. तिच्यावरून तापमान काढ आणि लोखंडाचं फुगणं वेगळं वजा कर. नळीची तोंडं नीट बुजव, नाहीतर पावसाळ्यात त्यात मुंग्या घर करतात. (हे कुठल्या डेटाशीटमध्ये सापडायचं नाही.)

लिंक बजेटबद्दल, म्हणजे वाटेत प्रकाश किती गळतो त्या हिशोबाबद्दल, थोडंच. किलोमीटरला ०.२ डीबी (डेसिबल) गळती हा नव्या, न तुटलेल्या केबलचा आकडा. महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल तोडली की मध्ये तुकडा घालतात, म्हणजे दर वेळी दोन स्प्लाइस (फायबरचे सांधे) वाढले आणि गळतीही. तू राखीव ठेवलेले २ डीबी मार्जिन ऑफिसात बसून ठीक वाटतं; मी ५ ठेवले असते.

फायबर जोडायचा हिरवा कनेक्टर निळ्यात बसतो, पण बसवू नकोस. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. दोन्ही टोकं नीट टेकतच नाहीत. सिंगल मोड फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. तिथे धुळीचा एक कणही पुरतो आणि दोष मात्र लेझरवर जातो.

पाऊस थोडा उघडला की ये, आपण जागा पाहून येऊ. ग्रेटिंग वाचायचं यंत्र, म्हणजे इंटरॉगेटर, माझ्याकडे आहे, जुना असला तरी चालतो. येताना कनेक्टर पुसायला ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र आण. इथे औषधाच्या दुकानात मिळतो त्यात पाणीच फार.

तुझा,
काका