ब्रँडम वाचायचा कसा, आणि आपल्याला तो कशाला?

प्रश्न : सर नमस्कार, मी परभणी जिल्ह्यातली, बीए मराठी मीडियममधून केलं आणि आता संभाजीनगरला एमए फिलॉसॉफीला आहे. यावेळी सेमिनारला रॉबर्ट ब्रँडम या अमेरिकन तत्त्वज्ञाचं ‘मेकिंग इट एक्स्प्लिसिट’ लावलंय. पहिल्या प्रकरणातच गाडी अडकलीय आणि पुढच्या महिन्यात पेपर वाचायचाय. मित्र म्हणतो की बाबासाहेब जॉन ड्युई या अमेरिकन तत्त्वज्ञाचे विद्यार्थी होते, तोच धागा धर आणि लिहून टाक. चालेल का? आणि हे सगळं आपल्या इकडं काय कामाचं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : पहिलं म्हणजे ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा. १९९४ चं आहे, सातशेच्या वर पानं आहेत आणि ते पहिल्या पानापासून सरळ वाचत जाणं भल्याभल्यांना जमत नाही. ब्रँडमनंच २००० साली ‘आर्टिक्युलेटिंग रीझन्स’ म्हणून छोटं पुस्तक काढलंय, ते घ्या, त्यातही प्रस्तावना लई जड आहे, ती शेवटी वाचा, पहिल्या प्रकरणापासून सुरू करा. तिथं पोपट भेटेल. लाल वस्तू दिसली की ‘हे लाल आहे’ म्हणायला शिकवलेला पोपट. माणूसही तेच म्हणतो, मग फरक काय? ब्रँडमचं म्हणणं असं की पोपटाला त्यातून पुढं काही निघतं हे कळत नाही, लाल आहे म्हणजे रंगीत आहे, म्हणजे हिरवं नाही, हे त्याच्यासाठी नाहीच. आपल्यासाठी मात्र शब्दाचा अर्थच त्या निघण्यात आहे. तो पिट्सबर्ग आणि प्रिन्स्टनचं उदाहरण देतो, तुम्ही आपलं घ्या : जालना संभाजीनगरच्या पूर्वेला आहे, म्हणून संभाजीनगर जालन्याच्या पश्चिमेला. याला लॉजिकचं सूत्र लागत नाही, पूर्व-पश्चिम कळणं म्हणजेच हे कळणं.

आता त्याचं ते स्कोअरकीपिंग, म्हणजे कोण काय बोलला याचा हिशोब ठेवणं. मोंढ्यात कुणी म्हणालं, ‘सोयाबीनचा भाव वाढणार’, तर तो माणूस बांधला गेला, ही झाली कमिटमेंट. मग त्यानं स्वतःचा माल आजच विकला तर लोक विचारणारच की काहून बाबा? आणि ‘कशावरून म्हणतो?’ असं विचारल्यावर त्याला म्हणायचा हक्क आहे का हे दाखवावं लागतं, ती एन्टायटलमेंट. तो म्हणाला ‘आडत्यानं सांगितलं’, की जबाबदारी आडत्याकडं सरकली, आता त्याला विचारा. ऐकणारा प्रत्येक जण मनात हा हिशोब ठेवतो, आणि प्रत्येकाचा हिशोब थोडा वेगळा असतो कारण कोण काय मानतो ते वेगळं असतं. तुमच्या सेमिनारमध्येही हेच चाललंय बघा, म्हणून वाचताना वहीत दोन गोष्टी लिहीत जा, या वाक्यानं ब्रँडम कशाला बांधला गेला आणि त्याला तसं म्हणायचा हक्क कुठून मिळाला. पुस्तक आपोआप उघडत जातं.

मित्राच्या धाग्याबद्दल मी स्पष्ट सांगतो, तसाच्या तसा घेऊ नका. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, ड्युईकडं शिकले, १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी ड्युईचं ऋण नाव घेऊन मानलंय, हे सगळं खरं. पण ब्रँडम ड्युईच्या वाटेनं फारसा येत नाही. तो रिचर्ड रॉर्टी या अमेरिकन तत्त्वज्ञाचा विद्यार्थी, आणि त्याचा खरा आधार सेलार्स, कांट, हेगेल हे तत्त्वज्ञ, शिवाय उत्तरकाळातला विटगेनस्टाईन. बाबासाहेब आणि ब्रँडम यांना एका माळेत ओवलं तर समोरचे पहिल्याच प्रश्नात धागा तोडतील.

पण खरी जागा दुसरीकडं आहे, आणि तिथं तुमच्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ असेल असं मला मनापासून वाटतं. काय बरोबर, काय चूक याचे नियम कुणी ठरवायचे, यावर ब्रँडम ‘आम्ही सगळे म्हणतो म्हणून बरोबर’ हे उत्तर मान्य करत नाही. समाज म्हणून कुणी एक वरचा पंच नाही, मी आणि तू एकमेकांचा हिशोब ठेवतो, आणि अख्खं गावही चुकू शकतं. जातीचा नियम ‘परंपरा आहे’ म्हणून रेटणाऱ्याला हे थेट लागू होतं. पण मग ब्रँडमवर उलट प्रश्नही येतो : ज्याचा शब्द कुणी हिशोबातच धरत नाही, ज्याला ‘कशावरून?’ विचारायची सोयच ठेवली नाही, त्याचं काय? पुस्तकातले खेळाडू एकमेकांचं ऐकून घेतात, गावात तसं होतंच असं नाही. बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहिलंय की शास्त्र प्रमाण मानलं की तर्काला जागाच उरत नाही. इथं दोघांना समोरासमोर बसवा, वारसा म्हणून नको, प्रश्न म्हणून.

घरच्यांनी उपयोग विचारला तर ते मोंढ्याचं उदाहरणच सांगा, त्यांना तुमच्या सरांच्या आधी कळेल.

पेपर लहान ठेवा, एकच मुद्दा घ्या, ‘मी आणि तू’ विरुद्ध ‘आम्ही’. ‘मेकिंग इट एक्स्प्लिसिट’मधला तेवढाच भाग मग उघडा, इंडेक्समध्ये ‘आय-दाऊ’ (I-thou, म्हणजे ‘मी-तू’) शोधलं की सापडेल. इंग्रजी अडलं तर आधी मराठीत लिहून काढा आणि वर्गात मराठीत बोलायची परवानगी सरांकडं आधीच मागून ठेवा.