एक सर्टिफिकेट आहे, तीन वर्षं जिममध्ये झाली. पर्सनल ट्रेनरने आता पुढचे कोर्स करावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे: तीन वर्षं पर्सनल ट्रेनिंग करताय, सर्टिफिकेटचं रिन्युअल जवळ आलंय. शिकण्यात पैसे घालावेत की तेवढ्या वेळात दोन क्लायंट जास्त घ्यावेत?

मी पुण्यात अकरा वर्षं हेच काम करतोय. माझं म्हणणं, शिका, पण कोर्सची यादी समोर ठेवून नको. ज्या क्लायंटपुढे तुमची बोबडी वळली, तिथून सुरुवात करा.

माझी वळली चौथ्या वर्षी. ५८ वर्षांचे काका, बँकेतून नुकतेच रिटायर झालेले, सकाळी साडेसहाची वेळ. मला तेव्हा हार्ट रेटचं नवं वेड लागलं होतं. २२० वजा वय म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके, अंदाजे १६२; त्याचे ७० टक्के ११३, तेवढे आले की माणूस व्यायामाच्या 'झोन'मध्ये. काका ट्रेडमिलवर आणि घड्याळात आकडा ९८. मी चढ वाढवला. १०१. आणखी वाढवला. बनियन अंगाला चिकटलेलं, तोंडातून शब्द फुटेना, आणि मी आपला म्हणतोय, "काका, अजून झोन आला नाही, थोडंच राहिलंय." शेवटी त्यांनी हातानेच नको अशी खूण केली. मी घाबरून मशीन एकदम बंद केलं. ते उतरले, बाकावर बसले आणि पांढरेफटक पडले.

आडवं केलं, पाय उंच धरले, दहा मिनिटांत सावरले. नशीब माझं.

दुपारी त्यांचा फॉर्म काढला. 'चालू औषधे' या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बीपीची गोळी'. कुठली, ते मी विचारलंच नव्हतं. निघाली बीटा ब्लॉकर. ही गोळी हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही. माणूस दमून जातो, पण घड्याळातला आकडा शंभरच्या आसपासच घुटमळतो. म्हणजे माझं सगळं गणित त्यांच्यासाठी कुचकामी होतं. वर मशीन एकदम थांबवणं ही दुसरी चूक. चालताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते अचानक थांबले की रक्त पायांतच साचतं, बीपी उतरतो आणि चक्कर येते. बीपीचं औषध चालू असेल तर जास्तच. पाच मिनिटं हळूहळू वेग कमी केला असता तर बहुधा एवढं झालं नसतं.

अशा माणसांसाठी काय वापरतात हे मग शोधलं. एक, बोर्गची श्रमाची मोजपट्टी: किती दम लागतोय ते माणसानेच ६ ते २० मध्ये सांगायचं. (आकडे असे विचित्र का? दहाने गुणलं की निरोगी तरुणाचे ठोके साधारण तेवढेच येतात म्हणून. काकांच्या बाबतीत हा गुणाकारही फसतो, पण त्यांचा दम खरा असतो.) दुसरी टॉक टेस्ट: बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम श्रम. हे वाचताना मला हसू आलं. कोल्हापूरला लहानपणी तालमीत जोर मारताना वस्ताद मध्येच विचारायचे, "काय रं, काल काय जेवलास?" उत्तर अडखळत आलं की थांबवायचे.

आता खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट. हे सगळं माझ्या पहिल्या सर्टिफिकेटच्या पुस्तकात होतं. मी परीक्षेपुरतं वाचून सोडून दिलं होतं.

तेव्हापासून एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर क्लायंटचा असा प्रश्न ज्याचं उत्तर मला आलं नाही, उजव्या पानावर कुठून काय सापडलं ते. वर्षभराने चाळली तर निम्मी पानं शुगर, बीपी आणि गुडघे. नवल नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं. तुमच्या सकाळच्या बॅचलाही त्यातलं कुणीतरी येत असणारच. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात, कधी नंतर काही तासांनीही, शुगर घसरते. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी परत तपासायचं. माझ्या बॅगेत ग्लुकोजची पुडी कायम असते. गोळ्या कमी-जास्त करायला मात्र डॉक्टरच, आपण तोंड उघडायचं नाही.

म्हणून मी पुढचा कोर्स वहीकडे बघून निवडला, आजार असलेल्यांच्या व्यायामाचा. त्याआधी बॉक्सिंगचा एक वीकेंड वर्कशॉप केला होता. फोटो झकास आले, एवढंच.

रिन्युअलचं म्हणाल तर एसीई आणि एनएएसएम या ट्रेनरना सर्टिफिकेट देणाऱ्या दोन अमेरिकन संस्थांना दर २ वर्षांनी साधारण २० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, तशाच एसीएसएमला ३ वर्षांत ४५ क्रेडिट. २० तास म्हणजे महिन्याला तासभरसुद्धा नाही. पण आपण शेवटच्या पंधरवड्यात जागे होतो आणि मिळेल ती ऑनलाइन क्विझ विकत घेतो. मीही घेतली आहे. पैसे गेले, डोक्यात काही राहिलं नाही. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) मात्र वेळेवर आणि पुतळ्यावर हात ठेवूनच शिका. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे व्हिडिओत सोपं दिसतं. दुसऱ्या मिनिटाला आपलेच दंड भरून येतात.

इंग्रजीची भीती असेल तर ऐका, मी मराठी माध्यमाचा. 'प्रॉक्झिमल' (धडाजवळचं) आणि 'डिस्टल' (धडापासून लांबचं) यांतच एक आठवडा गेला. शेवटी धाकट्या भावाला उघडा बसवून मार्करने त्याच्या पाठीवर स्नायूंची नावं लिहिली. आई चहा घेऊन आली, बघितलं आणि न बोलता परत गेली. पण ती नावं आजही डोळ्यांसमोर आहेत.

फुकट वाचण्यासारखं बरंच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं इंटरनेटवर मिळतात, तिथून सुरू करा. त्यात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंही स्पष्ट लिहिलंय. प्रोटीनच्या डब्यावर कमिशन घेत असाल तर वाचताना जरा अडचण होईल.

खेळाडूंबरोबर काम करायचं असेल तर वाट वेगळी आहे, पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) सहा आठवड्यांचा कोर्स बघा. ग्रॅज्युएट असाल तर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. मी त्या वाटेला गेलो नाही, तेव्हा जास्त बोलत नाही.

पैशांचं सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच असावा. नवं सर्टिफिकेट भिंतीवर लावलं म्हणून एकानेही मला जास्त फी दिली नाही. फरक पडला तो जवळच्या एका फिजिओथेरपिस्टमुळे. दर महिन्याला क्लायंटच्या परवानगीने त्यांना एक पानाचा रिपोर्ट पाठवायला लागलो: काय करून घेतलं, कुठे दुखलं, काय थांबवलं. सहा महिन्यांनी त्यांनी पहिला पेशंट पाठवला. आज माझे निम्मे क्लायंट तिथूनच येतात आणि फीवरून घासाघीस करत नाहीत.

ते काका अजून येतात. आता रोज विचारतो, "आज कितीचा दम?" तेही उत्साहात "तेरा!" म्हणतात, जणू लॉटरीचा नंबर.

वहीतलं शेवटचं डावं पान सध्या असं आहे: 'गुडघा बदललेल्या आजी. गणपतीत खाली बसून आरत्या म्हणायच्या आहेत. बसू द्यावं का? उठवायचं कसं?' उजवं पान कोरं आहे. शनिवारी फिजिओंना भेटणार आहे.